संगणक घ्यावयाचा, पण कोणता?

घरांत रेडिओ आणावयाचा म्हणजे एके काळीं तो सबंध आळीचा विषय होई. पण निवड करणें मात्र फारसें अवघड नसे. दुकानांत चार-सहा नमुने मांडलेले असत. कोणता किती व्हॉल्व्हचा, कोणाचा आवाज गोड आणि खिशाला कोणता झेपेल, एवढें पाहिलें, टपाल कचेरींतून परवाना काढला आणि गच्चीवर एरिअलची तार ताणली, कीं काम संपलें. आज त्याच घरांतील नातू संगणक घ्यावयास निघाला म्हणजे त्याच्यापुढें निराळेंच संकट उभें राहतें. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता (कागदोपत्रीं आतां तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) किंवा पुण्याची तपकीर गल्ली पायांखालीं घातली तरी नमुने संपत नाहींत, घरीं येऊन फोन उघडावा तर त्यांत आणखी शेंकडों हात जोडून उभे असतात. प्रत्येकाच्या नांवामागें आंकड्यांची आणि अक्षरांची लांबलचक शेंपटी. आठ दिवस हा अभ्यास केल्यावर पहिल्या दिवशीं जें थोडेंबहुत समजत होतें तेंहि समजेनासें होतें, आणि शेवटीं कंटाळून तो एक तर खरेदी पुढें ढकलतो, नाहीं तर दुकानदार ज्यावर बोट ठेवील तें उचलतो. चाळीस-पन्नास हजार रुपयांची आणि पांच-सात वर्षें वापरावयाची वस्तु अशा मनःस्थितींत घेतली जाते, हें कांहीं बरें नव्हे.

या गोंधळाचें कारण काय? पर्याय फार झाले हेंच, असें पुष्कळांना वाटतें. या समजुतीला एका प्रसिद्ध प्रयोगाचा आधार आहे. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर या मानसशास्त्रज्ञांनीं तो २००० सालीं प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथील एका दुकानांत त्यांनीं जॅमच्या बाटल्या चव घेण्यासाठीं मांडल्या. कांहीं वेळ चोवीस प्रकारच्या आणि कांहीं वेळ सहाच प्रकारच्या. चोवीस बाटल्यांपाशीं लोक अधिक थांबले. परंतु थांबलेल्यांपैकीं विकत घेणारे निघाले ते शेंकडा ३. सहा बाटल्यांपाशीं हेंच प्रमाण शेंकडा ३० होतें. हा प्रयोग पुढें इतका गाजला कीं, पर्याय वाढले म्हणजे बुद्धि चळते हा जणुं सिद्धान्तच होऊन बसला.

तथापि शास्त्र एका प्रयोगावर थांबत नाहीं. २०१० सालीं अशा पन्नास प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहण्यांत आले, तेव्हां सरासरी परिणाम जवळजवळ शून्य भरला. विपुलतेनें कोठें लोक गांगरले होते, तर कोठें उलट संतुष्ट झाले होते. हा भेद कशानें पडतो याचा शोध दुसऱ्या अभ्यासकांनीं घेतला आणि तो २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. वस्तूंची परस्परांशीं तुलना किचकट असली, निर्णय घाईनें करावा लागला, किंवा घेणाऱ्याला स्वतःला काय हवें हेंच ठाऊक नसलें, म्हणजे पर्यायांची संख्या जाचूं लागते. एरवीं ती तितकीशी जाचत नाहीं.

ही गोष्ट समजण्यास प्रयोगशाळेंत जावयास नको. वाण्याच्या दुकानांत आंबेमोहोर, इंद्रायणी, कोलम, बासमती अशीं तांदुळाचीं पोतीं ओळीनें मांडलेलीं असतात. त्यांत पुनः नवा, जुना आणि तुकडा हे भेद असतातच. पण गृहिणी तेथें गांगरत नाहीं. वरणभाताला मऊ आंबेमोहोर, रोजच्याला कोलम, पाहुण्यांच्या पुलावाला बासमती, हें तिच्या मनांत पक्कें असतें. चार पोत्यांचीं चाळीस झालीं तरी तिला फरक पडत नाहीं, कारण घरीं काय शिजावयाचें हें ती ठरवून आलेली असते. संगणकाच्या दुकानांत हीच चतुर गृहिणी गोंधळते. तेथें काय शिजवावयाचें हें ठरलेलें नसतें, आणि विक्रेता पदार्थाविषयीं कांहीं न विचारतां चुलीच्या आंचेचे आंकडे सांगत बसतो.

तेव्हां कागद घेऊन प्रथम लिहावयाचें तें यंत्राचें नांव नव्हे. घरांतील कोणता मनुष्य त्यावर काय करणार, हें. 'मुलीच्या अभ्यासासाठीं' एवढें लिहून भागत नाहीं. ती वाणिज्य शाखेची असेल आणि तिला टॅली शिकावयाचें असेल, तर तो कार्यक्रम विंडोजवर चालणारा आहे. ती यंत्र-अभियांत्रिकीला असेल आणि सॉलिडवर्क्समध्यें आकृत्या काढणार असेल, तर तोहि विंडोजचाच. अशा घरीं मावसभावाच्या हातांत शोभून दिसलें म्हणून मॅकबुक आणलें, तर यंत्र उत्तम असूनहि पहिल्याच सत्रांत रडें सुरू होतें. महाविद्यालयानें काय लागेल याचें पत्रक काढलेलें असेल तर तें आधीं मिळवावें; दुकानदाराच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षां तें एक पान अधिक उपयोगी. उलट पत्रें लिहिणें, बँकेचे व्यवहार, परदेशीं गेलेल्या मुलाशीं रविवारीं व्हिडिओवर बोलणें एवढेंच ज्यांचें काम, अशा निवृत्त दांपत्याला कोणतीहि प्रणाली चालेल. त्यांनीं पाहावयाचें तें अक्षर ठळक दिसतें कीं नाहीं आणि आवाज स्पष्ट येतो कीं नाहीं. हा कागद नीट लिहिला गेला म्हणजे शेंकडों नमुन्यांपैकीं बहुतेक आपोआप गळून पडतात.

आतां यंत्राच्या अंतरंगाविषयीं. त्याचें सारें शास्त्र जाणण्याची गरज नाहीं. स्वयंपाकघराची उपमा पुरते. प्रोसेसर ही स्वयंपाक करणारी बाई, रॅम हा तिच्या पुढचा ओटा, आणि डिस्क ही कोठीची खोली. जें काम चालू आहे त्याचें साहित्य ओट्यावर लागतें. बाकीचें कोठींत राहतें. ओटा अपुरा असला म्हणजे बाईला एक परात कोठींत ठेवून दुसरी आणावी लागते, आणि हात कितीहि चपळ असला तरी दिवस येरझाऱ्यांत जातो. संगणक 'अडकतो' म्हणतात तो पुष्कळदां असा. आजच्या घरगुती कामास ८ जीबी रॅम कशीबशी पुरते आणि १६ जीबी असली तर काम सुखानें चालतें. ॲपलनें ऑक्टोबर २०२४ मध्यें मॅकबुक एअरची किमान रॅम किंमत न वाढवितां ८ वरून १६ जीबी केली, त्यावरून वारें कोणीकडे वाहत होतें हें दिसलेंच.

खरी मेख मात्र पुढेंच आहे. पूर्वींच्या लॅपटॉपांत रॅमची पट्टी खोबणींत बसविलेली असे. दोन वर्षांनीं दुसरी विकत आणून घालतां येई. आजच्या पातळ यंत्रांपैकीं पुष्कळांत ती मदरबोर्डावरच सोल्डर करून पक्की केलेली असते. म्हणजे ओटा भिंतींत बांधून काढलेला. पुढें वीतभर वाढवूं म्हटलें तरी वाढत नाहीं. म्हणून दुकानांत पहिला प्रश्न विचारावयाचा तो गतीचा नव्हे. 'रॅम मागाहून वाढवितां येते काय?' हा. उत्तर नकारार्थी आलें तर १६ घेऊनच बाहेर पडावें, मग त्यासाठीं प्रोसेसर एक पायरी खालचा पत्करावा लागला तरी चालेल. उत्तर होकारार्थी असेल तर आज ८ वर भागवून पुढच्या दिवाळींत भर घालतां येते. हाच न्याय इतर भागांनाहि लागू आहे. पडदा, कळफलक आणि चिकटविलेली रॅम हीं जन्मभराचीं सोबती; तेथें आज दोन पैसे अधिक घालावे. डिस्क बहुधा बदलतां येते, उंदीर म्हणजे माउस केव्हांहि घेतां येतो, पिशवी तर फुकटहि मिळते.

कोठीच्या खोलीसंबंधीं मात्र वाद राहिलेला नाहीं. फिरत्या तबकडीच्या जुन्या हार्ड डिस्कला हवी ती वस्तु शोधण्यास सुमारें सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. एसएसडीला त्याच्याहि शंभरावा भाग पुरतो. मुख्य डिस्क एसएसडीच असावी. आणि ५१२ जीबीची म्हणून घेतलेली डिस्क घरीं ४७६ जीबीच दिसते, म्हणून कोणी दुकानदाराशीं भांडावयास जाऊं नये. कारखानदार १ जीबी म्हणजे १०० कोटि बाइट धरतो. विंडोज मात्र १०२४ चा तीनदां गुणाकार करून, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइटांचा, एक जीबी मोजते. ५१,२०० कोटींना या संख्येनें भागून पाहावें. उत्तर ४७६ आणि वर थोडें असें येतें. पूर्वीं गांवोगांवचा शेर निराळा असे, तशांतलाच हा प्रकार.

सर्वांत मोठी फसगत होते ती नांवांनीं. इंटेलच्या प्रोसेसरांवर आय-३, आय-५, आय-७ असे आंकडे असत. लोक ते परीक्षेंतील श्रेणीप्रमाणें वाचीत. सात म्हणजे पहिला वर्ग! वस्तुतः ही तुलना एकाच सालच्या मालापुरती खरी. २०१६ सालच्या आय-७ ७५००यू मध्यें काम करणारे गाभे दोनच होते; २०२२ सालच्या आय-५ १२३५यू मध्यें ते दहा आहेत, दोन थोरले आणि आठ धाकटे. जुन्या बाजारांत 'आय-सात आहे, साहेब' म्हणून जें मोठ्या ऐटीनें पुढें केलें जातें, तें पुष्कळदां हें पहिलेंच असतें. लोकांना ही परिभाषा कोठें पाठ होते आहे तोंच २०२३ सालीं इंटेलनें 'आय' हें अक्षरच गाळून 'कोअर' आणि 'कोअर अल्ट्रा' अशीं नवीं नांवें सुरू केलीं.

दुसरी मोठी कंपनी एएमडी. तिच्या सात हजारांच्या मालिकेंतील रायझेन ५ ७५२०यू हा प्रोसेसर २०२२ सालीं जाहीर झाला. नांवावरून तो अगदीं ताजा. आंतील रचना मात्र झेन-२, जी २०१९ सालींच बाजारांत आलेली होती. त्याच मालिकेंतील ७६४०यू मध्यें झेन-४ ही दोन पिढ्या पुढची रचना आहे. खूण होती ती तिसऱ्या आंकड्यांत : २ असेल तर झेन-२, ४ असेल तर झेन-४. पहिला आंकडा केवळ सालाचा. कंपनीनें ही किल्ली उघडपणें जाहीर केलेली होती, त्यामुळें तिला खोटें म्हणतां येत नाहीं. परंतु दुकानांत उभा राहून तिसरा आंकडा वाचणारा गिऱ्हाईक हजारांत एखादा. 'नांव सोनूबाई आणि हातीं कथलाचा वाळा' ही म्हण तयार करणाऱ्याला संगणकाचा बाजार ठाऊक नव्हता, एवढेंच. म्हणून 'कितवा आंकडा?' असें न विचारतां 'याची रचना कोणत्या सालची?' असें विचारावें. शेवटच्या अक्षराकडेहि लक्ष असावें. यू हें काटकसरीनें वीज वापरणाऱ्याचें चिन्ह. एच हा बलवान्, पण तापट, आणि त्याला गार ठेवणारा पंखाहि तसाच घुमणारा. घरांतल्या लेखनवाचनाला यू पुष्कळ झाला.

ग्राफिक्सचें स्वतंत्र कार्ड लागतें तें खेळ, चित्रपटांची जुळणी आणि घनाकृतींचें रेखन यांना. ज्याच्या कागदावर यांपैकीं कांहीं नाहीं त्यानें त्या वाटेला जाऊं नये. ज्याला जावयाचेंच आहे त्यानें एवढें लक्षांत ठेवावें कीं, लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०६० हें एकाच नांवाचें कार्ड, यंत्र बनविणाऱ्याच्या मर्जीप्रमाणें ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीहि शक्तीवर चालविलेलें असूं शकतें. यूएसबीचीहि तीच तऱ्हा. २००८ सालीं जिला यूएसबी ३.० म्हणत, तिचेंच पुढें ३.१ जेन १ आणि मग ३.२ जेन १ असें दोनदां बारसें झालें. वेग तोच, सेकंदास ५ गिगाबिट. सध्यां कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नांवानें छापलेल्या चिठ्ठ्या यंत्रांवर दिसतात. मायक्रोसॉफ्टनें मे २०२४ मध्यें अशा यंत्रांसाठीं जी अट घातली ती अशी : सेकंदाला ४० लाख कोटि क्रिया करणारा खास भाग, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण. त्यांतील खास भागाचा सामान्य घराला आज फारसा उपयोग नाहीं. पण त्या निमित्तानें रॅम १६ जीबीची मिळते, तेवढा लाभ खरा.

विक्रेता जेथून झरकन् पुढें सरकतो तो पडदा. वस्तुतः घरांतील माणसांचे डोळे पुढील सहा वर्षें त्याच्यावर खिळावयाचे असतात. उजेडाचें माप निट या एककांत देतात. २५० निट खोलीच्या आंत ठीक, पण टेबल खिडकीपाशीं असेल तर ३०० किंवा अधिक असावें. पत्रकांत '४५ टक्के एनटीएससी' असें बारीक अक्षरांत आढळलें तर रंग फिके दिसणार हें ठरलेलें. आयपीएस जातीचा पडदा बाजूनें पाहिला तरी चित्र उतरत नाहीं. परीक्षा मात्र सोपी आहे. दुकानांत मराठी मजकुराचें एक पान उघडावें, अक्षर रोजच्या आकाराचें ठेवावें, आणि 'राष्ट्र', 'दुसऱ्या', 'उत्कृष्ट' अशीं जोडाक्षरें ताण न पडतां वाचतां येतात कीं नाहीं तें घरांतील वडील माणसाला पाहूं द्यावें. त्याच उभ्याउभ्या कळफलकावर चार ओळी टंकाव्या. मराठीसाठीं निराळा कळफलक घेण्याची जरूर नाहीं. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं ठरविलेली इनस्क्रिप्टची मांडणी विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत असते, ती फक्त चालू करावी लागते. बॅटरीचे तास जाहिरातींतून घेऊं नयेत. बॅटरीवर वॅट-तासांचा आंकडा असतो, आणि हलक्या कामाला यंत्र सात-आठ वॅट घेतें असें धरून भागाकार करावा. ४२ वॅट-तासांना ७ नें भागलें तर सहा तास. जाहिरातींत बारा लिहिलेले असतील, तर ते बहुधा पडदा मंद करून मोजलेले.

एवढें करूनहि पांच-सहा नमुने हातांत उरतातच, आणि मग सुरू होतो पायऱ्यांचा खेळ. 'आणखी तीन हजार घातले तर डिस्क दुप्पट', 'आणखी पांच घातले तर पडदा उत्तम'. प्रत्येक पायरी तेवढ्यापुरती शहाणपणाची वाटते, आणि पंचेचाळीस हजारांची पिशवी घेऊन निघालेला गृहस्थ सत्तर हजारांच्या हप्त्यांवर सही करून घरीं येतो. यांत विक्रेत्याची एक युक्तिहि असते. १९८२ सालीं ह्यूबर, पेन आणि पुटो यांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, दोन वस्तूंच्या शेजारीं तिसरी, त्यांपैकीं एकीपेक्षां उघड उघड कमी दर्जाची वस्तु ठेवली, तर ती तिसरी कोणी घेत नाहीं. पण तिच्यापेक्षां सरस असलेली वस्तु एकदम अधिक खपूं लागते. यादींतील कांहीं यंत्रें विकण्यासाठीं नसतात, शेजारच्या यंत्राला शोभा आणण्यासाठीं असतात. खोडलेल्या छापील किमतीचेंहि तसेंच. सूट मोजावयाची ती त्या आंकड्यावरून नव्हे. तीच वस्तु गेल्या महिन्यांत केवढ्याला मिळत होती त्यावरून.

यावर उपाय हर्बर्ट सायमन या विद्वानानें सुचविलेला आहे. १९७८ सालचें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, सर्वोत्तम वस्तु शोधण्याइतका वेळ आणि माहिती मनुष्यापाशीं कधींच नसते. तो आधीं कसोटी ठरवितो आणि तिला उतरणारी पहिली वस्तु घेऊन थांबतो. घरगुती भाषेंत सांगावयाचें तर घराबाहेर पडण्यापूर्वीं कागदावर पैशाची सीमा लिहावी, चार अटी लिहाव्या, आणि त्या पुऱ्या करणारें पहिलें यंत्र मिळालें कीं यादी मिटावी. मित्रमंडळींचा सल्ला जरूर घ्यावा, पण बहुतेक जण स्वतः घेतलेल्या यंत्राचीच शिफारस करतात, हें ध्यानांत ठेवून. 'पुढच्या महिन्यांत नवा नमुना येणार आहे' ही बातमी प्रत्येक महिन्यांत खरी असते, म्हणून ती ऐकून थांबण्यांत अर्थ नाहीं.

नवें घेण्यापूर्वीं जुनें यंत्र मात्र एकदां उघडवून पाहावें. त्यांत फिरती डिस्क आणि ४ जीबी रॅम असेल, व दोन्हीं बदलतां येत असतील, तर थोडक्या खर्चांत तें पुष्कळदां चांगलें चालूं लागतें. अडचण एकच. विंडोज १० चें नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें, आणि सुमारें २०१७ पूर्वींचे प्रोसेसर विंडोज ११ ला चालत नाहींत. अशा यंत्रावर लिनक्स घालून तें लेखनवाचनाला ठेवतां येतें. बँकेचे व्यवहार मात्र साहाय्य संपलेल्या प्रणालीवर करूं नयेत. वापरलेलें यंत्र विकत घेणाऱ्यानें तर हा प्रश्न सर्वांच्या आधीं विचारावा.

यंत्र घरीं आलें म्हणजे खोकें फोडतांना त्याचें चित्रण करून ठेवावें, आणि यंत्राच्या पाठीवरील क्रमांक पावतीवरील क्रमांकाशीं ताडून पाहावा. चार्जरवर भारतीय मानक ब्यूरोचें चिन्ह व 'आर' अक्षरानें सुरू होणारा नोंदणी-क्रमांक आहे ना, तेंहि पाहावें. परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे तें दिनदर्शिकेवर लिहावें, आणि त्या मुदतींत यंत्र कपाटांत न ठेवतां रोज चार तास राबवावें. पडद्यावर मेलेला ठिपका, अडणारी कळ किंवा तापणारी बाजू याच दिवसांत उघडकीस येते. दोष निघाला आणि विक्रेता दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य-सेवेचा क्रमांक १९१५ आहे. तेथें तक्रार नोंदवितांना पावती आणि हें चित्रण जवळ असावें.